सोलरच्या कामाचे प्रशिक्षण : आपल्या ट्रस्टला पैसा कुठून मिळतो आणि कुठे अडतो

छतावर सोलर बसवणाऱ्या हातांना सध्या मागणी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक कोटी घरांचे लक्ष्य असून तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची आहे. घरमालकाला ३ किलोवॅटच्या संचावर ७८,००० रुपयांपर्यंत सबसिडी मिळते. सबसिडी कागदावर मिळते, पॅनेल मात्र कुणीतरी वर चढूनच बसवायचे असते. आपल्या मोहल्ल्यातली दहावी-आयटीआय झालेली मुले हे काम करू शकतात. प्रश्न असा की शिकवणार कोण, आणि खर्च कोण देणार?

आधी सरकारी वाट बघू. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २०१५ मध्ये ‘सूर्यमित्र’ हा कार्यक्रम सुरू केला. तो गुरुग्रामच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेमार्फत चालवला गेला : ६०० तासांचा, साधारण तीन महिन्यांचा, राहण्या-जेवणासह मोफत. दहावीनंतर इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर असा आयटीआय केलेल्यांना त्यात प्राधान्य होते. जवळपास अशी तुकडी चालू असेल तर पालकांनी मुलाला सरळ तिथे घालावे. प्रत्येक गोष्टीसाठी आपलाच वर्ग काढायची गरज नसते.

अल्पसंख्याक मंत्रालयाची ‘सीखो और कमाओ’ योजना अनेकांना ठाऊक आहे. ती आता ‘पीएम विकास’मध्ये विलीन झाली आहे. त्या योजनेतली एक अट लक्षात ठेवण्यासारखी आहे : शिकलेल्यांपैकी किमान ७५ टक्के मुलांना काम मिळवून देण्याची जबाबदारी संस्थेवर होती. म्हणजे अनुदान वर्ग भरवण्यासाठी नसते, नोकरी लावण्यासाठी असते. देणारा कुणीही असो, हाच हिसाब विचारला जातो. म्हणून अर्ज लिहिण्याआधी शहरातल्या चार-पाच सोलर ठेकेदारांशी बोलून घ्यावे आणि किती मुले कामावर घेणार ते त्यांच्याकडून लेखी घ्यावे.

मोठा पैसा कंपन्यांकडे आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ सांगते की ज्या कंपनीची निव्वळ संपत्ती ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटींच्या वर आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावेत. यालाच आपण सीएसआर म्हणतो. रोजगाराला उपयोगी कौशल्य शिकवणे त्याच्या यादीत स्पष्ट आहे. वीज आणि तेलाच्या कंपन्यांना तर हे घरचेच काम. टाटा पॉवरच्या कौशल्य संस्थेचे केंद्र कल्याणजवळ शहाडला आहे, भिवंडीच्या मुलांना लांब नाही.

पण सीएसआरचा पैसा घ्यायचा तर १ एप्रिल २०२१ पासून संस्थेला ‘सीएसआर-१’ फॉर्म भरून क्रमांक घ्यावा लागतो. बाहेरच्या संस्थेला त्यासाठी आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी लागते, शिवाय तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव. आपल्या बहुतेकांची गाडी इथेच अडते, तीही अनुभवापेक्षा ८०जी वर. ८०जी ची अट अशी की संस्था एखाद्या विशिष्ट धर्मसमुदायाच्या किंवा जातीच्या फायद्यासाठी आहे, असे तिच्या दस्तात नसावे. जुन्या ट्रस्टच्या दस्तात मात्र बुजुर्गांनी नेक नीयतने ‘मुस्लिम विद्यार्थ्यांच्या तालीमसाठी’ असेच लिहिलेले असते. त्या एका ओळीमुळे सीएसआरचे दार बंद होते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती आणि मागासवर्ग यांच्यासाठीच्या संस्थेला ही अट आडवी येत नाही, हे मुलींसाठी वर्ग काढू पाहणाऱ्यांनी वकिलाला जरूर विचारावे.

मग काय करायचे? नोंदणीकृत ट्रस्टचे उद्देश बैठकीत ठराव करून बदलत नाहीत, धर्मादाय आयुक्तांकडे जावे लागते. दुसरी वाट म्हणजे सर्वांसाठी खुली असलेली वेगळी कलम ८ ची कंपनी काढणे. पण तिचा अनुभव पहिल्या दिवसापासून मोजावा लागतो, म्हणजे तीन वर्षे थांबणे आले. आमच्या मते ज्यांना खरोखर हे काम करायचे आहे त्यांनी नवी संस्था आजच नोंदवावी आणि तोवर लहान तुकड्या स्वतःच्या पैशाने चालवाव्यात. वर्ग सर्वांसाठी खुला ठेवला म्हणून आपल्या मुलांची जागा जात नाही. वर्ग कुठे भरतो आणि जाहिरात कुठल्या मोहल्ल्यात लागते, यावरच बरेच ठरते.

‘स्वतःचा पैसा’ म्हटले की आखाताची आठवण होते, कोकणात तर आधी तीच. परदेशात राहणाऱ्या पण भारतीय नागरिक असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी देणगी धरली जात नाही. पासपोर्ट बदललेल्या नातेवाइकाची मात्र धरली जाते, आणि ती एफसीआरए नोंदणीशिवाय घेणे गुन्हा आहे. त्या नोंदणीसाठी संस्था तीन वर्षे जुनी हवी आणि या तीन वर्षांत तिने १५ लाख रुपये कामावर खर्च केलेले असावेत. देणगी घेताना नागरिकत्व लिहून घ्यायला लाजू नका.

जकातीचे पैसेही यात येऊ शकतात का, हे बरेच जण विचारतात. आम्ही मुफ्ती नाही. गरजू मुलाच्या हातात भाड्यासाठी किंवा अवजारांसाठी पैसे देणे वेगळे, आणि वर्गाचे भाडे, शिक्षकाचा पगार, यंत्रे जकातीतून घेणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीवर उलेमांत मतभेद आहेत. आपल्या मुफ्तींना विचारावे आणि जकातीचे खाते कंपनीच्या अनुदानापासून वेगळे ठेवावे. कंपन्या पैसे हप्त्यांनी देतात, आणि पहिल्या हप्त्याचे सीएने सही केलेले उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय दुसरा हप्ता सहसा सुटत नाही. दोन-तीन महिन्यांचा पगार भागेल एवढी रक्कम आधीच बाजूला हवी.

अर्जातल्या खर्चाच्या यादीत मल्टिमीटर आणि क्रिम्पिंग टूल सगळे लिहितात. सुरक्षा पट्टा, हेल्मेट आणि प्रत्येक मुलाचा अपघात विमा मात्र विसरला जातो. या कामात पहिला धोका छतावरून पडण्याचा, विजेचा त्यानंतर. आणि मुलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे की प्रशिक्षणाचे सर्टिफिकेट म्हणजे वायरमनचा परवाना नव्हे. तो राज्याच्या विद्युत निरीक्षक विभागाकडून वेगळा काढावा लागतो.