डॉक्टर नाही झालं तरी

गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "पोरगी आरोग्याचं शिकायचं म्हणतीय. डॉक्टरकीएवढे मार्क काही पडायचे नाहीत. मग बाकीचं शिकून काय उपयोग?" मी स्वतः साधी बीए, मी काय सांगणार? पण मला जामखेड आठवलं.

आपल्या संभाजीनगरहून अहिल्यानगरला जाताना नेवासा फाट्याच्या पुढं वडाळा लागतं. तिथल्या मिशनच्या दवाखान्यात साठच्या दशकात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे नवरा-बायको काम करत होते. दोघं वेल्लोरला शिकलेले. दवाखाना भरभरून चालायचा, पण गावातली दुखणी काही हटत नव्हती. बरीचशी दुखणी अशी, की गावातच टाळता आली असती. मग हे दोघं पुन्हा विद्यार्थी झाले. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले. म्हणजे एका रोग्याला गोळी देण्याचं नव्हे, तर सगळं गाव आजारी का पडतं ते शोधण्याचं शिक्षण.

1970 साली ते बीडच्या हद्दीला लागून असलेल्या जामखेडला आले. तेव्हा तिथं हजार मुलं जन्मली तर वर्षाच्या आत 176 दगावत. आपल्या आज्या सांगतात ना, पाच झाली, दोन जगली. तेच हे.

पाठोपाठ बहात्तरचा दुष्काळ आला. तो काय होता, हे आपल्या गटातल्या म्हाताऱ्यांना विचारा. गावं म्हणाली, औषध राहू द्या, आधी पाणी द्या. आरोळ्यांनी हातपंप घेतले आणि जागा दलित वस्तीतच निवडल्या. वरच्या आळीला पाणी हवं तर तिथं यावं लागलं. हे कुठल्या डॉक्टरी पुस्तकात असेल असं मला वाटत नाही.

गावोगाव त्यांनी आधी शिकलेल्या नर्स ठेवून पाहिल्या. जमलं नाही. बाहेरून आलेली तरुण पोरगी गावात एकटी राहणार कशी, आणि चार लेकरांची आई तिचं ऐकणार कशी? तेव्हा गावातलीच बाई शिकवायची ठरलं. ज्या निवडल्या, त्यातल्या बहुतेक निरक्षर. कुणी दलित, कुणी मराठा, कुणी नवऱ्यानं टाकलेली. दर आठवड्याला त्या जामखेडला जायच्या, एकत्र राहायच्या, एकत्र जेवायच्या. सुरुवातीला हे जेवणच जड गेलं, शिकणं त्यामानानं सोपं!

शिकल्या काय? बाळाला जन्मल्याबरोबर अंगावर पाजायचं, तीन दिवस थांबायचं नाही. जुलाब लागले की पाणी तोडायचं नाही, उलट मीठ-साखरेचं पाणी पाजत राहायचं. मुलाचं वजन, बाळंतिणीची देखभाल, क्षय आणि कुष्ठरोग ओळखणं. एवढ्यावर पंचवीस-सव्वीस वर्षांत तो 176 चा आकडा तिसाच्या खाली आला.

1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या पुस्तकात जामखेडची गोष्ट छापली. 1978 ला अल्मा-आटाच्या परिषदेत प्राथमिक आरोग्य सेवेचा ठराव झाला, तेव्हा जगापुढं जे नमुने होते त्यात जामखेड होतं. पुढच्याच वर्षी आरोळे पती-पत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि 1988 मध्ये मुक्ताबाई पोळ ही गावातली आरोग्य सेविका वॉशिंग्टनच्या सभेत बोलायला उभी राहिली. सभागृहात मोठाली झुंबरं होती. तिनं डॉक्टरांना त्या झुंबरांची उपमा दिली: सुंदर, पण महाग आणि लांबची. मग पिशवीतून वातीचे दोन दिवे काढले आणि एकानं दुसरा पेटवून दाखवला.

2005 मध्ये सरकारनं आशा योजना आणली, तिची मुळं अशाच कामांत आहेत. एक गोष्ट मात्र मला खटकते. जामखेडच्या बायका पगार न घेता राबल्या, म्हणून आजच्या आशांनीही मानधनावरच भागवावं, असं कुणी म्हणू नये. त्या बायकांनासुद्धा पोटासाठी छोट्या धंद्याचं शिक्षण आणि कर्ज मिळत होतं.

म्हणून पोरीनं रीतसर शिकावं, असंच मी त्या ताईंना सांगितलं. एएनएम बारावीनंतर दोन वर्षांचा. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा, त्याला विज्ञान शाखा लागते. पदवी झाल्यावर सार्वजनिक आरोग्यात दोन वर्षांची एमपीएच करता येते. कित्येक ठिकाणी डॉक्टर नसलेल्यांनाही प्रवेश असतो. पैसे भरण्याआधी नर्सिंग कॉलेजला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, ते मात्र तपासा. नुसत्या पाटीवर जाऊ नका.

ताई म्हणाल्या, "घाटीत चौकशी करून येते." मी म्हटलं, मुलीलाच सोबत न्या, प्रश्न तिलाच विचारू द्या. पुढच्या बैठकीला दोघीही येणार आहेत.