भरली अंडी (मराठवाडी)

पूर्ण उकडलेले अंडे उभे चिरून, बलक काढून, तो मसाल्यात कालवून पुन्हा पांढऱ्याच्या वाटीत भरला की होणारा पदार्थ. इंग्रजीत याला ‘डेव्हिल्ड एग्ज’ म्हणतात. तिखटजाळ खाण्याला सैतानाचे नाव देण्याची तिकडची रीत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. नांदेड-लातूरच्या घरांत हा पदार्थ परंपरेने होत नाही. इथे उकडलेले अंडे रश्श्यात पडते, नाहीतर संध्याकाळी आम्लेटच्या गाडीवर दोऱ्याने कापून मीठ, तिखट आणि कांदा घालून मिळते. पण भरण्याची कला वांग्याने घरोघर शिकवलेली आहे. शिवाय हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि हैदराबादी दस्तरखानावर नरगिसी कोफ्ता होताच. त्यात अंड्याला खिम्याचे आवरण घालतात. इथे मसाला अंड्याच्या पोटात जातो.

अमेरिकी पाककृतींत अंड्याच्या सारणात आले, तीळ, सोया सॉस घातले की ती ‘आशियाई चवीची’ म्हणून सांगितली जातात, जणू मूळ पदार्थ मेयोनेजचाच. वस्तुस्थिती उलटी आहे. तेराव्या शतकातल्या अंदलुसी, म्हणजे मुस्लिम स्पेनमधल्या, पाकग्रंथात भरलेल्या अंड्यांची कृती आहे. तीत बलक कोथिंबीर, कांद्याचा रस, मिरे, धने, तेल आणि ‘मुर्री’ यांत कालवतात. मुर्री म्हणजे जव आंबवून केलेले, सोया सॉसच्या जवळचे खारे कालवण. दोन्ही अर्धुके काडीने जोडून वर मिऱ्याची पूड टाकतात. मेयोनेज या अंड्यात शिरले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. ते वगळल्याने पदार्थाचे काही बिघडत नाही.

मराठवाडी सारणाचा आधार तेल. करडईचे मिळाले तर उत्तम. करडई हे इथल्या रब्बीचे जुने पीक, आणि लातूरला तेलबिया संशोधन केंद्रही आहे. पळीत दोन चमचे तेल तापवून त्यात ठेचलेला लसूण आणि तीळ परतावेत, आच बंद करून तिखट टाकावे. चिनी खानावळीतले मिरचीचे तेल म्हणजे जवळपास हेच. आपण त्याला फोडणी म्हणतो. सहा अंड्यांच्या बलकात ही फोडणी, दोन मोठे चमचे चक्का, एक चमचा शेंगदाण्याचा कूट, किसलेले आले आणि चिरलेली कोथिंबीर कालवावी. सारण सैल झाले तर चमचाभर येसर घालावा. भाजलेल्या धान्याचे आणि मसाल्याचे हे पीठ पाणी शोषते आणि सारणाला आमटीची ओळखीची चव देते. सोया सॉस एक छोटा चमचा पुरे, आणि मग मीठ चाखूनच. सोयाबीन इथल्या खरिपाचे मुख्य पीक आहे आणि लातूरच्या आडतीत त्याचे ढीग लागतात. ते तेलाला आणि पेंडीला जाते. सॉसची बाटली मात्र ‘चायनीज’च्या गाडीमागून स्वयंपाकघरात आली.

कृतीत चूक होते ती उकडताना. अगदी ताजे अंडे सोलताना पांढऱ्याचे लचके निघतात. अंडे ठेवले की त्यातला कार्बन डायऑक्साइड कवचातून निसटतो, पांढऱ्याची अल्कता वाढते आणि पापुद्रा सुटू लागतो. उन्हाळ्यात हे लवकर घडते, म्हणून मे महिन्यात अंडी मुरवत ठेवण्याची गरज नाही. अंडी उकळत्या पाण्यात अलगद सोडून दहा-अकरा मिनिटांनी गार पाण्यात टाकावीत. जास्त उकळल्यास बलकाभोवती हिरवट कडे येते: पांढऱ्यातले गंधक आणि बलकातले लोह यांचे ते संयुग. खायला निरुपद्रवी, पण चिरलेल्या अंड्यात ते लपत नाही. चिरायला गाडीवाल्याचा दोराच चांगला. सुरीला बलक चिकटतो.

वाट्या ताटात घरंगळतात, म्हणून खालून पातळ चकती कापून त्यांना बूड द्यावे किंवा त्या पातीच्या कांद्यावर बसवाव्यात. वर कारळाची चटणी भुरभुरली तर काळ्या-पिवळ्याचा मेळ छान दिसतो. जवसाची चटणीही चालते, पण ती ओल्या सारणावर लवकर चिकट होते.

भरलेली अंडी खोलीत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत. हवा बत्तीस अंशांच्या वर असेल तर एकच तास. नांदेडला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा लग्नाघरच्या टेबलावर हा पदार्थ मांडूच नये. उरलेले सारण फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या कडक भाकरीवर लावून खाता येते. काहींना तेच जास्त आवडते.