आर्च लिनक्स

आर्च लिनक्स : ठरावीक आवृत्त्यांऐवजी अखंड अपडेटवर चालणारी, म्हणजे रोलिंग रिलीज पद्धतीची मुक्त संगणक प्रणाली. कॅनडातील प्रोग्रामर जड विनेट यांनी ‘क्रक्स’ या छोट्या लिनक्स प्रणालीपासून प्रेरणा घेऊन ती रचली. ०.१ ही आवृत्ती ११ मार्च २००२ रोजी प्रसिद्ध झाली. २००७ मध्ये प्रकल्पाची सूत्रे एरन ग्रिफिन यांच्याकडे आणि २०२० मध्ये निवडणुकीने लेव्हेंटे पोलियाक यांच्याकडे गेली.

डेबियन या दुसऱ्या लिनक्स प्रणालीची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. मधल्या काळात मुख्यतः सुरक्षेच्या व दोषांच्या दुरुस्त्या मिळतात. आर्चमध्ये नवे सॉफ्टवेअर जसजसे तयार होते तसतसे वापरणाऱ्यापर्यंत पोहोचते. दरमहा निघणारी आयएसओ फाइल नव्याने प्रणाली बसवण्यापुरती असते.

पॅकमन : प्रणालीचा खरा कणा. विनेट यांनीच सी भाषेत लिहिलेला हा पॅकेज व्यवस्थापक, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणारे व अपडेट करणारे साधन. एखादी लायब्ररी (अनेक प्रोग्राम वापरतात तो सामायिक कोड) बदलली की तिच्यावर अवलंबून असलेली पॅकेजेस नव्याने बांधून एकत्रच दिली जातात. त्यामुळे एकच प्रोग्राम नवा घेऊन बाकी प्रणाली जुनी ठेवल्यास त्याला हवी ती लायब्ररी सापडत नाही आणि तो सुरूच होत नाही. अशा अर्धवट अपडेटला आर्चचा पाठिंबा नाही. ताजे सॉफ्टवेअर हवे असेल तर संपूर्ण प्रणाली एकदम अपडेट करावी लागते. काही बदल हाताने करावे लागतात. जून २०१३ मध्ये सर्व प्रोग्राम एकाच निर्देशिकेत हलवले गेले, तेव्हा आधी सूचना न वाचणाऱ्यांची प्रणाली बिघडण्याचा धोका होता. म्हणून अपडेटपूर्वी प्रकल्पाच्या सूचना वाचणे हा वापराचाच भाग मानला पाहिजे. जुनी पॅकेजेस डिस्कवर साठवलेली राहतात, त्यामुळे मागे येता येते. सोबत दीर्घकाळ सांभाळला जाणारा एलटीएस कर्नल (प्रणालीचा गाभा) बसवून ठेवणे शहाणपणाचे.

सुरक्षा : मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या संपीडन-साधनात पेरलेला चोरदरवाजा उघडकीस आला. त्याच्या दूषित आवृत्त्या आर्चमध्ये पोहोचल्या होत्या, डेबियनच्या स्थिर शाखेत नव्हत्या. आर्चमधील दूरस्थ प्रवेशाची एसएसएच सेवा एक्सझेडच्या लायब्ररीशी जोडलेली नसल्याने ज्ञात हल्ला तेथे लागू पडत नव्हता. रोलिंग पद्धत अधिक सुरक्षित की कमी, याबाबत मतभेद आहेत.

एयूआर : वापरकर्त्यांनी लिहिलेल्या बांधणी-सूचनांचे भांडार. अधिकृत पाठिंबा नाही; सूचना वाचूनच वापरावे.

संबंधित प्रणाली : आर्चवर आधारित मांजारो, स्टीम डेकवरील स्टीमओएस ३. ओपनसुसे टम्बलवीड व जेंटू याही रोलिंग, पण स्वतंत्र.

३२-बिट संगणक : पाठिंबा २०१७ पासून बंद.

मराठी : देवनागरी टंक मूळ स्थापनेत नसतो, ‘नोटो’ टंकसंच वेगळा बसवावा लागतो.