सेबूच्या नोंदवह्या

फिलिपिन्समधील सेबू महानगर आणि भोवतालचा ग्रामीण पट्टा यांतून १९८३ साली ३३ बारांगाय निवडण्यात आले. (बारांगाय हा तिथल्या प्रशासनाचा सर्वांत लहान घटक.) मे १९८३ ते एप्रिल १९८४ या वर्षात तिथे प्रसूत झालेल्या स्त्रियांच्या घरी, तीन हजारांहून अधिक बाळे दोन वर्षांची होईपर्यंत, दर दोन महिन्यांनी प्रश्नकर्ते येत राहिले. सेबूचे सॅन कार्लोस विद्यापीठ आणि अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ यांचा हा उपक्रम. मूळ प्रश्न मर्यादित होता: बाळाला आईचे दूध मिळते की बाटलीचे, आणि का? जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली डब्यातल्या दुधाच्या विक्रीविषयी संहिता केली होती. तो वाद अजून ताजा होता.

या तारखांशेजारी आणखी काही तारखा ठेवून पाहाव्यात. ऑगस्ट १९८३ मध्ये मनिलाच्या विमानतळावर निनॉय अकिनो यांची हत्या झाली. पाठोपाठ पेसो कोसळला. फेब्रुवारी १९८६ मध्ये मार्कोस देश सोडून गेले, आणि पाहणीतली शेवटची बाळे त्याच एप्रिलपर्यंत दोन वर्षांची झाली. एक राजवट मोडत असताना काल बाळाच्या पोटात काय गेले, हे कोणीतरी घरोघर लिहून घेत होते. आमच्या मते हाही त्या वर्षांचा इतिहासच. ऑक्टोबर १९८६ मध्ये नव्या अध्यक्षा कोराझॉन अकिनो यांनी दूध-संहितेचा आदेश काढला.

प्रश्न तिथेच संपायला हवा होता. नोंदी मात्र संपल्या नाहीत. १९९१-९२ मध्ये अभ्यासक त्याच घरांत परतले, आणि पुढेही येत राहिले. दुसऱ्या वर्षी उंची खुंटलेली मुले आठव्या वर्षी बौद्धिक चाचण्यांत मागे दिसली. अकराव्या वर्षी हे अंतर कमी झाले होते, पुसले गेले नव्हते. उशिरा शाळेत जाणे, गैरहजेरी यांचाही त्यात वाटा होता. साहित्याच्या वाचकाला अधिक लक्षणीय वाटेल तो निवेदकाचा बदल. आधी आई मुलाविषयी सांगत होती. पुढे मूल स्वतः बोलू लागले: शाळा, नोकरी, प्रेम, लग्न यांविषयी. २००५ ते २००९ या काळात तर त्यांतल्या तरुणांत बाप झाल्यावर टेस्टोस्टेरॉन किती घटते, हे मोजले गेले.

काही उत्तरे अनपेक्षित निघाली. तान्हेपणी जनावरांच्या विष्ठेचा संपर्क अधिक आलेल्यांच्या रक्तात विशीनंतर दाहाची खूण कमी आढळली. १९८३ मध्ये घरे पाहणाऱ्यांच्या मनात हा प्रश्न नव्हता; त्यांनी अंगणाची अवस्था तेवढी टिपून ठेवली होती.

मात्र दोन दशकांनंतर मूळ मुलांपैकी सुमारे दोन हजारच यादीत उरली होती. गळतीचे मोठे कारण स्थलांतर. माणसे कामासाठी परदेशी जाणे हा ज्या देशाचा नित्यक्रम, तिथले हे चरित्र प्रामुख्याने मागे राहिलेल्यांचे आहे. सेबू सोडून गेलेल्या अनेकांचे पान मधेच थांबते.