टीव्ही हॉटस्पॉटला का लागत नव्हता? रोहण्यातल्या एका बिघाडाचा इतिहास

दिवाळीच्या सुट्टीत रोहण्याला घरी गेले होते. बाबांनी आर्वीहून स्मार्ट टीव्ही आणून ठेवला होता, माझी वाट पाहत. घरी ब्रॉडबँडची लाइन नाही, म्हणजे इंटरनेट काय ते माझ्या फोनचं. हॉटस्पॉट चालू केला, टीव्हीवर नेटवर्कची यादी उघडली. यादीत शेजारच्या काकांच्या फोनचं नाव दिसत होतं. माझ्या फोनचं नाही.

दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. फोन बंद-चालू केला, टीव्हीचा प्लग काढून लावला, पासवर्ड बदलला, हॉटस्पॉटचं नाव बदललं. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "काऊन वं, एवढी पीएचडी करून राह्यली अन् टीव्ही नाही लागत तुह्याच्यानं?" मग स्वतःच उत्तर दिलं, "दुकानदारानं जुना माल टेकवला." मलाही ते पटलं. म्हणजे पटवून घेणं सोयीचं होतं. मी दुकानदाराला फोन लावला आणि जरा चढ्या आवाजातच बोलले.

टीव्हीत काहीही बिघाड नव्हता. फोनमध्येही नव्हता. पुढे जे कळलं ते लिहितेय, कारण संशोधनाची तयारी करणाऱ्या तुमच्यापैकी प्रत्येकाला प्रयोगशाळेत हाच प्रसंग वेगळ्या रूपात भेटणार आहे. दोन चांगल्या वस्तू एकमेकींशी जुळत का नाहीत, हे समजायला बरेचदा त्या वस्तूंचा इतिहास पाहावा लागतो.

आधी पुलगावला जाऊ

रोहण्याच्या माणसाला हे समजवायला लांब जावं लागत नाही. पुलगाव ते आर्वी ही नॅरोगेज रेल्वे १९१७ साली सुरू झाली. सुमारे ३५ किलोमीटरची लाइन, आणि रोहणा हे त्यातलं एक स्टेशन. वऱ्हाडातल्या यवतमाळ-मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर-अचलपूर लाइनींची ही धाकटी बहीण. लोक या गाड्यांना 'शकुंतला' म्हणत. आज आमच्याकडची गाडी चालत नाही, पण जुन्या लोकांच्या बोलण्यात ती अजून आहे.

या लाइनी मुख्यतः कापसासाठी टाकल्या गेल्या. आर्वीकडचा कापूस पुलगावला न्यायचा, तिथून मुंबईला. पण पुलगाव मुंबई-नागपूर मुख्य मार्गावर आहे आणि तो मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांत १६७६ मिलिमीटर अंतर. आर्वीच्या लाइनीचं अंतर ७६२ मिलिमीटर, निम्म्याहूनही कमी. त्यामुळे आर्वीचा डबा मुख्य लाइनवर जाऊच शकत नव्हता. माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे, माणसांनाही गाडी बदलावी लागे.

आता विचारा, यात बिघाड कुठे होता? इंजिन चांगलं, रूळ चांगले, मुख्य लाइनही चांगली. प्रत्येक निर्णयाला त्याच्या काळात कारण होतं. ब्रॉडगेज १८५०च्या आसपास ठरलं, मोठी वाहतूक डोळ्यांसमोर ठेवून. नॅरोगेज निवडलं ते कमी खर्चात आडगावांपर्यंत पोचायला. दोन वेगळ्या काळांतले, दोन वेगळ्या हेतूंचे निर्णय पुलगावच्या फलाटावर समोरासमोर आले आणि हमालांना काम मिळालं.

माझा टीव्ही आणि माझा फोन अगदी असेच समोरासमोर उभे होते.

पहिली पायरी: एकच लहर

वायफायची उपकरणं मुख्यतः दोन पट्ट्यांत बोलतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. हे दोन पट्टे कुठून आले?

१९४७ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीला आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. काही फ्रिक्वेन्सी उद्योग, विज्ञान आणि वैद्यकीय यंत्रांसाठी राखण्याचं तिथे ठरलं. २.४च्या आसपासचा पट्टा त्यातलाच. मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात चालतो. संदेशवहनाच्या दृष्टीने ही गोंगाटाची जागा, म्हणून तिथे कोणाला फारसा रस नव्हता. १९८५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने अशा पट्ट्यांत कमी शक्तीची, सिग्नल पसरवून पाठवणारी उपकरणं विनापरवाना वापरायला मुभा दिली. त्या मुभेवर पुढे वायफाय उभं राहिलं. ८०२.११ हे पहिलं मानक १९९७ साली आलं. १९९९ मध्ये त्याच्या दोन शाखा निघाल्या: 'बी' २.४ वर, 'ए' ५ वर. 'बी' स्वस्त पडली आणि घरोघरी पोचली.

भारतात १९३३च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याखाली घरात साधा रेडिओ ठेवायलाही परवाना लागायचा. आजोबांच्या रेडिओचं परवान्याचं पुस्तक अजून आमच्या पेटीत आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात तो परवाना गेला. वायफायसाठी २.४चा पट्टा आपल्याकडे कमी शक्तीच्या उपकरणांना जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झमध्ये मोठी मोकळीक मिळाली ती ऑक्टोबर २०१८ मध्ये.

आता घरात या. माझा फोन नवा, हॉटस्पॉट ५ वर लावलेला, कारण तिथे वेग जास्त आणि गर्दी कमी. बाबांचा टीव्ही स्वस्तातला, त्यात फक्त २.४चा रेडिओ. फोन ज्या लहरीवर हाका मारत होता ती टीव्हीला ऐकूच येत नव्हती. शेजारच्या काकांचा फोन जुना, २.४ वर बोलणारा, म्हणून त्याचं नाव दिसत होतं.

ही खूण पहिल्या मिनिटापासून माझ्यासमोर होती, आणि मला सगळ्यात जास्त लाज याचीच वाटते. टीव्हीला दुसरा हॉटस्पॉट दिसतोय, म्हणजे टीव्हीचा रेडिओ ठीक. आईचा फोन माझ्या हॉटस्पॉटला लागतोय, म्हणजे माझा फोन ठीक. दोन्ही ठीक असतील तर दोष जोडीत आहे. एवढा तर्क दहावीचा पोरगाही करेल. पण मी "कोण खराब आहे?" हाच प्रश्न धरून बसले होते.

फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड बदलून २.४ केला. नाव लगेच दिसलं. अँड्रॉइड फोनमध्ये हा पर्याय साधारणपणे 'बँड' या शब्दाने सापडतो. आयफोन १२ आणि त्यापुढच्या फोनमध्ये 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' नावाचं बटण असतं, ते चालू केलं की हॉटस्पॉट २.४ वर येतो.

दुसरी पायरी: एकच कुलूप

आधीच्या दोन संध्याकाळी मी पासवर्डशी आणि सुरक्षेच्या सेटिंगशी बरंच झगडले होते. त्याचाही इतिहास थोडक्यात सांगते. वायफायचं पहिलं कुलूप होतं वेप. २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी त्यातली मूलभूत कमजोरी दाखवली. २००३ मध्ये डब्ल्यूपीए आलं, २००४ मध्ये डब्ल्यूपीए२, आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३. नवा फोन फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवला आणि टीव्हीला डब्ल्यूपीए२च येत असेल, तर नाव दिसूनही जोडणी होत नाही. बरोबर पासवर्डलाही 'चुकीचा' म्हटलं जाऊ शकतं.

म्हणजे माझी शंका चुकीची नव्हती, तिची जागा चुकली होती. कुलपाचा प्रश्न दार दिसल्यानंतर येतो. यादीत नावच नसताना पासवर्ड दहा वेळा बदलून काय उपयोग? तुमच्या प्रयोगातही पायऱ्यांचा क्रम आधी कागदावर मांडा. ज्या पायरीपर्यंत गोष्ट पोचलीच नाही, त्या पायरीवर उपाय करून मिळालेला 'फरक पडला नाही' हा निष्कर्ष काहीच सांगत नाही.

तिसरी पायरी: एकच काळ

नाव दिसलं, पासवर्ड घेतला, 'कनेक्टेड' असं आलं. बाबांनी आईला हाक मारली. व्हिडिओचं ॲप उघडलं आणि पडद्यावर आलं: इंटरनेट नाही.

आता मात्र मी वही घेतली आणि पायऱ्या लिहिल्या. जोडणीनंतर टीव्हीला एक पत्ता मिळावा लागतो. तो वाटून देणारी डीएचसीपी पद्धत १९९३ची. टीव्हीच्या नेटवर्क माहितीत पत्ता दिसत होता, म्हणजे ही पायरी पार. मग साइटच्या नावाचा आकड्यांतला पत्ता शोधावा लागतो. ते काम डीएनएस करतं, १९८३ पासून. टीव्हीच्या ब्राउझरमध्ये जुन्या पद्धतीची, कुलपाच्या खुणेविना चालणारी एक साइट उघडली. उघडली! म्हणजे इंटरनेट होतं. अडत होतं ते फक्त कुलूपबंद, म्हणजे एचटीटीपीएस साइटींना.

अशा साइटी स्वतःची ओळख प्रमाणपत्राने पटवतात, आणि प्रत्येक प्रमाणपत्राला 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. मुदत तपासायला उपकरण स्वतःचं घड्याळ पाहतं. मी टीव्हीचं घड्याळ पाहिलं. तास-मिनिटं बरोबर, तारीख आणि महिनाही बरोबर. साल २०१९.

हा उद्योग माझाच होता. पहिल्या संध्याकाळी टीव्ही भलतीच वेळ दाखवत होता, कारण नेटवर्क नसल्याने त्याला खरी वेळ मिळालीच नव्हती. मी 'स्वयंचलित वेळ' बंद करून तास, मिनिटं, तारीख हाताने लावली. सालाकडे पाहिलंच नाही. त्यामुळे टीव्हीच्या दृष्टीने आजची सगळी प्रमाणपत्रं भविष्यातली होती, अजून सुरूच न झालेली. त्याने ती नाकारली, आणि नियमाप्रमाणे बरोबरच केलं.

याचा उलटा प्रकार साऱ्या जगाने पाहिला आहे. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एका मोठ्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, आणि अपडेट न मिळणाऱ्या बऱ्याच जुन्या उपकरणांवर चांगल्या चालणाऱ्या साइटी एकाएकी उघडेनाशा झाल्या. तिथे घड्याळ बरोबर होतं, कागद जुने होते.

स्वयंचलित वेळ पुन्हा चालू केली. टीव्हीने साल दुरुस्त करून घेतलं आणि ॲप उघडलं.

यातून मी काय घेतलं

माझं काम टिन ऑक्साइडच्या वायू-संवेदकांवर आहे. गेल्या वर्षी माझ्या संवेदकाचं वाचन रोज दुपारी सरकायचं. मी पदार्थालाच दोष दिला आणि तीन वेळा नव्याने नमुने केले. शेवटी कळलं की खोलीतली आर्द्रता दिवसभर बदलते, आणि ती मी मोजतच नव्हते. नमुना ठीक होता, मोजणीही ठीक होती. दोघांच्या मधली हवा मी वहीत लिहिली नव्हती. एवढं होऊनही घरी टीव्हीसमोर बसल्यावर मी तीच चूक केली. म्हणून पुढचे चार मुद्दे तुमच्याइतकेच माझ्यासाठीही आहेत.

एक, दोषी शोधण्याआधी जोड्या बदलून पाहा. हा टीव्ही दुसऱ्या फोनला, हा फोन दुसऱ्या उपकरणाला. दोन मिनिटांत निम्म्या शंका गळतात.

दोन, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा. मी घड्याळाला हात लावल्याचं वहीत असतं, तर तिसरी पायरी पाच मिनिटांत सुटली असती. दोन दोष एकावर एक बसतात तेव्हा पहिला काढल्यावर दुसरा दिसतो, आणि आपल्याला वाटतं पहिलाच उपाय चुकला.

तीन, पडद्यावरचा संदेश म्हणजे निदान नव्हे. 'इंटरनेट नाही' असं लिहिलं होतं, इंटरनेट होतं. गोष्ट कुठे थांबली एवढं संदेश सांगतो, आणि तेही कधीकधी चुकीचं.

चार, तुमच्या उपकरणाचे भाग कोणत्या सालचे आहेत ते विचारा. २००५चा पट्टा, २००४चं कुलूप, २०१८ची मोकळीक, १९९३ची पत्त्याची पद्धत, हे सगळं एका घरात एकाच वेळी काम करत असतं. प्रयोगशाळेतही जुना डिटेक्टर, नवं सॉफ्टवेअर आणि कोणीतरी आठ वर्षांपूर्वी बनवलेली केबल एकत्र नांदतात. सांधा तिथेच निसटतो.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराला पुन्हा फोन केला, माफी मागायला. तो हसला. म्हणाला, "बँड बदलून पाहाचा होता नं ताई. हप्त्यातून एखादं गिऱ्हाईक हेच घेऊन येते. पण तुमी इचारलंच नाही, बोलतच सुटल्या."

हा पाचवा मुद्दा समजा. आपल्या विभागातल्या तंत्रज्ञांना, जे ते यंत्र रोज हाताळतात त्यांना, आरोप करण्याआधी एक प्रश्न विचारा. मी दोन संध्याकाळी आणि एका माणसाचा अपमान खर्च करून जे शिकले, ते त्याला आधीच माहीत होतं.

बाबा आता रोज संध्याकाळी बाजारभावाचे व्हिडिओ लावतात. मी परत आल्यावर आईच्या फोनचा हॉटस्पॉट २.४ वर लावून दिला आहे, आणि पायऱ्या एका कागदावर लिहून टीव्हीच्या मागे चिकटवल्या आहेत. पहिली ओळ आहे: आधी साल पाहा.