बंदराकडे जाणारी गाडी : जालना, मुंबई आणि समलिंगी पुरुषांचा इतिहास

मुंबईतल्या समलिंगी पुरुषांच्या इतिहासावर बोलायचं म्हटलं की बोलणारे सुरुवात करतात ती थेट कुलाब्यापासून. आज आपण जालन्याहून निघू.

तो काळ आठवा. निजामाच्या काळातली मीटरगेज लाइन नव्वदच्या दशकापर्यंत चालू होती. मुंबई गाठायची तर मनमाडला गाडी बदलायची. एवढा खटाटोप करून एखादा तरुण तिकडे का जात असेल? कामधंदा हे सांगायचं कारण. पण बंदराच्या शहरात रोज नवी माणसं उतरतात, खोलीत दहा-दहा पुरुष राहतात, बायका गावाकडे असतात. तिथं कुणी कुळ विचारत नाही. जालन्यात मोंढ्यापर्यंत चालत गेलात तरी चौघे हटकणार, ‘कुणाचा रे तू?’ (जालन्यालाही बंदर आहे बरं का, ड्राय पोर्ट! २०१५ साली पायाभरणी झाली. पण समुद्र नाही, आणि समुद्राबरोबर येणारं अनोळखीपणही नाही.)

आता मुंबईचा लिखित इतिहास पाहू. १९९० मध्ये अशोक राव कवींनी ‘बॉम्बे दोस्त’ काढलं, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. कुलाब्यात ‘वूडू’ नावाचा पब होता, शनिवारची रात्र तिथं ‘आपल्या’ लोकांची. हे सगळं महत्त्वाचंच. पण पबात शिरायला पैसे लागतात, बरे कपडे लागतात, थोडं इंग्रजी लागतं. मराठवाड्यातून आलेला पोरगा तिथं दारातच अडखळणार. त्याची मुंबई म्हणजे स्टेशन, लोकलचा गर्दीचा डबा, स्टेशनवरची मुतारी. आर. राज राव यांच्या ‘द बॉयफ्रेंड’ या २००३ च्या कादंबरीची सुरुवात चर्चगेट स्टेशनच्या मुतारीत होते, ती उगाच नाही. पोलिसाचा हात खांद्यावर पडायचा तोही तिथंच. कलम ३७७ चा धाक दाखवायचा, खिसा रिकामा करायचा. खटला क्वचितच, म्हणून कोर्टाच्या दप्तरात ही माणसं फारशी सापडत नाहीत. आमच्या मते या इतिहासातली सगळ्यात मोठी पोकळी हीच.

मराठीतून बोलणारं कुणीतरी हवं होतं. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये पुण्यात ‘समपथिक’ सुरू केलं, ‘पार्टनर’सारखी कादंबरी मराठीत लिहिली. बंदर नसलेल्या शहरातून हे झालं, हे ध्यानात ठेवा.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. २००९ ला दिल्ली हायकोर्टाचा निकाल, २०१३ ला सुप्रीम कोर्टानं तो फिरवला, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला कलमाचा फास सुटला. २०२३ च्या अखेरीस जालन्याहून मुंबईला वंदे भारतही धावू लागली. पण आता आधी गाडी पकडायची गरजच नाही, फोनवर ॲप आहे. त्यात समोरचा किती अंतरावर आहे ते दिसतं. मुंबईत त्या आकड्यामागे हजारो माणसं लपतात. जालन्यात ‘अर्धा किलोमीटर’ म्हटलं की गल्ली कळते, घर कळतं. मग ‘तुझ्या वडलांना सांगू का?’ एवढं वाक्य पुरतं, पोलीस लागत नाही.

इथं थांबू. प्रश्न घेऊ या.