होडीचा वाटा होडीलाच! दहा महिन्यांच्या कमाईत बारा महिन्यांचा खर्च कसा बसवाल?

मे संपत आला की कोकण किनाऱ्यावर होड्या वर ओढून शाकारल्या जातात. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. इंजिन खोलायचं, रंग काढायचा, फाटकी जाळी सांधायची ती याच दिवसांत. म्हणजे कमाई थांबते तेव्हाच मोठा खर्च समोर येतो. मग व्यापाऱ्याकडून उचल घेतली जाते आणि पुढचा अख्खा हंगाम मासळी त्याच्याच दराने त्यालाच घालावी लागते. हे टाळायचं तर तयारी ऑगस्टपासूनच हवी.

खर्च दोन प्रकारचा

डिझेल, बर्फ, रेशन हा फेरीचा खर्च. मासळी विकली की तो आधी वजा होतो, म्हणून तो कुणी विसरत नाही.

दुसरा खर्च वर्षाचा. रोज दिसत नाही, पण चुकतही नाही:

- इंजिन, गिअर, पंखा, बॅटरी यांची दुरुस्ती
- रंगकाम, लाकडी होडी असेल तर फटी भरणं, तेल लावणं, फळ्या बदलणं
- जाळी, दोर, बोया, नांगर
- परवाना नूतनीकरण आणि नौकेचा विमा
- जीवरक्षक जॅकेट, जीपीएस, वायरलेस

हिशेब असा मांडा

समजा, लहान डिझेल होडी आहे. आकडे फक्त उदाहरणाचे, आपले आपण घालावेत.

- पावसाळी दुरुस्ती आणि रंग: ४०,००० रुपये
- जाळी ९०,०००ची, टिकते ३ वर्षं: वर्षाला ३०,०००
- इंजिन २,४०,०००चं, चालतं ८ वर्षं: वर्षाला ३०,०००
- विमा, परवाना वगैरे: १५,०००
- अचानक मोडतोड: २०,०००

एकूण १,३५,००० रुपये. आता भागायचं किती दिवसांनी? दहा महिन्यांचे ३०० दिवस धरू नका. वारा, वादळाचा इशारा, सणवार, इंजिनाची बिघाडी हे सगळं वजा करा. प्रत्यक्ष १५० फेऱ्या होत असतील तर प्रत्येक फेरीमागे ९०० रुपये बाजूला पडायला हवेत. फेऱ्या १०० वर आल्या तर हाच आकडा १,३५० होतो. म्हणून गेल्या वर्षी खरोखर किती वेळा समुद्रात गेलो, ते वहीत बघूनच भागाकार करा.

पैसे काढायचे कुठून?

फेरीचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेचे वाटे पडतात. खलाशांचे वाटे वेगळे, होडी-जाळ्याचा वेगळा. मालक स्वतः समुद्रात जात असेल तर त्याचा अंगमेहनतीचा वाटाही असतो. गडबड इथेच होते. दोन्ही वाटे एकाच खिशात जातात आणि घरात खर्च होतात. घर मेहनतीच्या वाट्यावर चालवावं. होडीच्या वाट्यातून ठरलेली रक्कम त्याच दिवशी वेगळ्या बँक खात्यात टाकावी. फोनवरून पाठवायला मिनिट लागतं.

फेरी रिकामी गेली तर त्या दिवशीचे पैसे टाकता येणार नाहीत. पण वहीत बाकी लिहून ठेवा आणि चांगली मासळी लागली की भरून काढा.

या चुका टाळा

डिझेलवरील कराचा परतावा हातात पडेपर्यंत तो कमाईत धरू नका.

प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतला अपघात विमा माणसाचा असतो, नौकेचा नाही. होडी बुडाली तर भरपाईसाठी नौकेचा वेगळा विमाच लागतो. नोंदणी आणि परवाना चालू नसेल तर दावा अडकू शकतो.

कर्ज घ्यावंच लागलं तर उचलीआधी किसान क्रेडिट कार्डाची चौकशी करा. २०१८-१९ पासून ते मच्छीमारांनाही मिळतं. ठरलेल्या मर्यादेपर्यंत व्याज ७ टक्के, आणि वेळेत फेडलं तर त्यात ३ टक्के सवलत आहे. सोसायटीचा सचिव किंवा मत्स्यव्यवसाय खात्याचे परवाना अधिकारी यांच्याकडे कागदपत्रांची माहिती मिळेल.

उचल डोक्यावर नसली की मासळी कुठे घालायची आणि कोणत्या दराने, हे मालकाला स्वतः ठरवता येतं.